पुण्यातून रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण: कॅमेऱ्याच्या आधी दिशा, महिना आणि तिथी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: आपल्याकडे १८-५५ मिलिमीटरच्या किट लेन्ससह आलेला साधा डीएसएलआर आणि एक ट्रायपॉड आहे, कोथरूडमधल्या इमारतीच्या गच्चीवरून आकाशगंगा टिपण्याचा प्रयत्न केला असता नारिंगी, धुरकट आकाश आणि लांबट झालेले काही तारे एवढेच हाती लागले, तेव्हा आता नवा कॅमेरा घ्यावा की नवी लेन्स? माझे उत्तर असे की तूर्त दोन्ही घेऊ नयेत. आपल्याकडे असलेल्या साहित्यावर आकाशगंगेचे चांगले छायाचित्र निघू शकते. मात्र त्यासाठी पुण्यापासून कोणत्या दिशेला जायचे, कोणत्या महिन्यात जायचे आणि कोणत्या तिथीला जायचे, हे कॅमेऱ्याच्या आधी ठरवावे लागते.

गच्चीवरून आकाशगंगा का दिसत नाही, हे आधी समजून घ्यावे. शहरातील दिव्यांचा प्रकाश हवेतील धूळ आणि बाष्प यांवरून विखुरतो आणि सगळ्या आकाशावर एक उजळ पडदा तयार होतो. आकाशगंगेचा प्रकाश त्या पडद्यापेक्षा फारच मंद असतो. शटर अधिक वेळ उघडे ठेवले तर आकाशगंगेचा प्रकाश वाढतो हे खरे, पण पडदाही त्याच प्रमाणात उजळतो, त्यामुळे दोहोंमधला फरक जिथल्या तिथे राहतो आणि चित्र केवळ अधिक नारिंगी होते. दुप्पट किमतीचा कॅमेरा आणला तरी तो हाच पडदा अधिक स्वच्छपणे टिपेल. यावर अंधाऱ्या जागी जाणे हा एकच खरा उपाय आहे.

अंधारी जागा निवडताना बहुतेक जण शहरापासूनचे अंतर पाहतात. मी दिशा पाहतो. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग, म्हणजे तिच्या केंद्राकडचा भाग, धनू आणि वृश्चिक या राशींच्या सीमेजवळ आहे. पुण्याच्या अक्षांशावरून, म्हणजे सुमारे साडेअठरा अंश उत्तरेवरून, तो आग्नेयेला उगवतो, दक्षिणेला सुमारे बेचाळीस अंशांपर्यंत चढतो आणि नैर्ऋत्येला मावळतो. तो उत्तरेला कधीही जात नाही. त्यामुळे आपल्याला दक्षिणेकडचे आकाश अंधारे हवे आणि पुण्याचा उजेड आपल्या पाठीशी हवा. हे ध्यानात घेतले की जागांची यादी आपोआप लहान होते. तोरण्याच्या पायथ्याचे वेल्हे, पानशेतच्या पलीकडचा डोंगराळ भाग, भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा नीरा-देवघर जलाशयाचा परिसर, या सगळ्या ठिकाणी पुणे ईशान्येच्या बाजूला राहते आणि दक्षिणेला सह्याद्रीच्या रांगा येतात. भोरच्या पूर्वेला शिरवळची औद्योगिक वसाहत असल्यामुळे भोर गावाजवळ न थांबता पश्चिमेला पुढे सरकावे, म्हणजे उगवत्या आकाशगंगेच्या बाजूला तो उजेड फारसा येत नाही.

याउलट जुन्नर किंवा भीमाशंकरच्या बाजूला गेल्यास अंतर अधिक कापूनही पुणे, पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांचा एकत्रित उजेड दक्षिण क्षितिजावरच, म्हणजे नेमका आपल्या चौकटीत येतो. याचा अर्थ उत्तरेकडचे आकाश टाकाऊ आहे असा नव्हे. आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण त्याच बाजूला, गिरवलीला आहे. पण दुर्बीण आकाशाचा अगदी लहानसा तुकडा, तोही शक्यतो क्षितिजापासून बराच वरचा पाहते. आपली रुंद लेन्स मात्र जमीन, डोंगर आणि क्षितिजालगतचे सगळे आकाश एकदम चौकटीत घेते. ध्रुवताऱ्याभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा टिपायच्या असतील तेव्हा हिशेब उलटा होतो आणि जुन्नरची बाजू वेल्ह्यापेक्षा सरस ठरते.

आता महिन्याविषयी. इंटरनेटवरच्या बहुतेक मार्गदर्शनात जून ते ऑगस्ट हा आकाशगंगेचा मोसम म्हणून सांगितलेला असतो. ते सांगणे युरोप-अमेरिकेतल्या लोकांसाठी आहे. आपल्याकडे त्या महिन्यांत सह्याद्रीवर ढगांचे छत असते. पुण्याचा मोसम दोन तुकड्यांत विभागलेला आहे. पहिला तुकडा फेब्रुवारीच्या मध्यापासून मेपर्यंतचा. फेब्रुवारीच्या मध्याला आकाशगंगेचे केंद्र पहाटे साडेतीनच्या सुमारास उगवते, मार्चच्या मध्याला रात्री दीडच्या सुमारास, एप्रिलच्या मध्याला साडेअकराच्या आणि मेच्या मध्याला साडेनऊच्या सुमारास. दर महिन्याला सुमारे दोन तासांनी ते अलीकडे येते. उगवल्यानंतर क्षितिजावरच्या धुळीतून वर यायला त्याला आणखी दीड-दोन तास द्यावेत. दुसरा तुकडा ऑक्टोबरचा. तेव्हा सूर्यास्तानंतर पूर्ण काळोख होताच, म्हणजे साधारण साडेसातच्या सुमारास, ते नैर्ऋत्येला दिसते आणि महिन्याच्या मध्याला दहाच्या सुमारास मावळते. वेळ थोडा मिळतो, पण पावसाने धुतलेली हवा एप्रिल-मेच्या धुळकट हवेपेक्षा कितीतरी पारदर्शक असते. मला स्वतःला विचाराल तर नवशिक्याने ऑक्टोबरची संध्याकाळ निवडावी. जागरण होत नाही, जेवायच्या वेळेला परतीचा रस्ता धरता येतो, आणि चुका सुधारायला लगेच दुसरा दिवस असतो. मेमध्ये दुपारनंतर उठणारे वळवाचे ढग अनेकदा मध्यरात्रीपर्यंत रेंगाळतात, हेही लक्षात ठेवावे.

तिथीच्या बाबतीत घरच्या भिंतीवरची दिनदर्शिका कोणत्याही ॲपइतकीच उपयोगी पडते. केवळ अमावास्येलाच जावे असे नाही. शुक्ल पक्षात अष्टमीपर्यंत चंद्र साधारण मध्यरात्रीपर्यंत मावळतो, म्हणून मार्चमधल्या पहाटेच्या छायाचित्रणासाठी शुक्ल पक्षाचा पहिला आठवडाही चालतो. कृष्ण अष्टमीनंतर चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो, म्हणून ऑक्टोबरच्या संध्याकाळसाठी कृष्ण पक्षाचा दुसरा आठवडा पूर्णपणे मोकळा असतो. गुढीपाडव्याच्या आगेमागे आकाश चंद्रविरहित असतेच आणि हवाही अजून फार तापलेली नसते. तो काळ हातचा घालवू नये. लक्ष्मीपूजनाची अमावास्या मात्र फटाक्यांच्या धुरामुळे शहराच्या आसपास बहुधा वाया जाते.

जागेवर जाण्याआधी दोन गोष्टी. अनेक किल्ल्यांवर आणि वनहद्दीत रात्री थांबण्यास मनाई असते, म्हणून परवानगीची चौकशी वनखात्याकडे आधीच करावी. आणि गावाजवळ थांबणार असाल तर उजेड असतानाच सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटून काय करणार आहोत ते सांगून ठेवावे. रात्री शेताच्या बांधावर अनोळखी माणसे दिवे विझवून उभी दिसली की गावकऱ्यांनी संशय घेणे स्वाभाविक आहे. बिबट्या आणि साप यांचा वावर गृहीत धरून एकटे जाऊ नये आणि पायांत बूट असावेत. पहिल्या खेपेला गटाबरोबर जाणे सर्वांत सोयीचे. १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था पुण्यातच, टिळक स्मारक मंदिरात आहे. तिथल्या अनुभवी मंडळींकडून नक्षत्रांची ओळखही होईल, आणि ती ओळख छायाचित्रकाराला लेन्सइतकीच आवश्यक आहे.

प्रत्यक्ष कामाकडे वळू. नवशिक्यांची सर्वाधिक चित्रे फोकसमुळे बिघडतात, हे मी अनेकांच्या चित्रांवरून सांगतो. ऑटोफोकसला अंधारात धरायला काही सापडत नाही, म्हणून तो बंद करावा. लेन्सवर अनंताची खूण असली तरी तिच्यावर विसंबू नये. ती क्वचितच अचूक असते, आणि आपल्या किट लेन्सवर तर ती बहुधा नसतेच. पद्धत अशी आहे: लेन्स १८ मिलिमीटरवर ठेवावी, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, पूर्ण उघडावे, लाइव्ह व्ह्यू सुरू करून एखादा ठळक तारा पडद्याच्या मध्यावर आणावा आणि दृश्य दहापट मोठे करावे. हिवाळ्यात त्यासाठी व्याध उत्तम, उन्हाळ्यात ज्येष्ठा किंवा एखादा ग्रह. मग फोकसची कडी अगदी हळू फिरवावी. ताऱ्याचा ठिपका लहान होत होत एका क्षणी सर्वांत बारीक होतो आणि पुढे फिरवल्यास पुन्हा फुगतो. एकदा त्या बिंदूच्या थोडे पलीकडे जाऊन परत यावे, म्हणजे खात्री पटते. तारा पडद्यावर दिसतच नसेल तर दूरच्या डोंगरावरचा एखादा दिवा घ्यावा. जमल्यावर कडीवर कागदी चिकटपट्टी लावावी, आणि त्यानंतर झूमला हात लावू नये, कारण किट लेन्समध्ये झूम हलताच फोकसही सरकतो. मधूनमधून एखादे चित्र मोठे करून तपासावे; रात्र थंड होत जाते तसा फोकस किंचित बदलू शकतो.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे, हे पृथ्वीच्या फिरण्यावर ठरते. तारे दर सेकंदाला जवळजवळ पंधरा विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतात. ठराविक वेळेपेक्षा अधिक थांबलो की ठिपक्याची रेघ होते, आपल्या चित्रांत झाले तेच. यासाठी प्रचलित नियम असा की ५०० या आकड्याला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे तिच्या मिलिमीटरच्या आकड्याने, भागावे. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे एपीएस-सी आकाराचा आहे असे मी धरतो. तेव्हा आधी फोकल लेंग्थला दीडने, काही कॅमेऱ्यांत १.६ ने, गुणावे लागते. १८ मिलिमीटरचे २७ होतात आणि उत्तर सुमारे अठरा सेकंद येते. हा नियम फिल्मच्या काळात ठीक होता. आजच्या चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर अठरा सेकंदांत तारे स्पष्टपणे लांबट होतात. म्हणून मी ५०० ऐवजी ३०० घेतो. त्याने अकरा सेकंद येतात. आपण दहा सेकंदांपासून सुरुवात करावी. ध्रुवाजवळचे तारे कमी सरकतात आणि खगोलीय विषुववृत्ताजवळचे, उदाहरणार्थ मृग नक्षत्राचे, सर्वाधिक. त्यामुळे मृग टिपताना हाच वेळ आणखी थोडा कमी करावा लागतो.

ॲपर्चर आपल्या लेन्सवर १८ मिलिमीटरला एफ ३.५ एवढेच उघडते (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे), तेवढे उघडावे. आयएसओ ३२०० ठेवावा. आयएसओ वाढवल्याने कॅमेऱ्यात अधिक प्रकाश येत नाही, आलेल्या प्रकाशाचा संकेत तेवढा मोठा केला जातो. म्हणून ६४०० किंवा १२८०० पर्यंत जाऊन विशेष लाभ नाही, उलट ठळक ताऱ्यांचे रंग उडतात आणि सगळेच पांढरे दिसू लागतात. चित्र रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात साठवावे आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचा तोल, ४००० केल्व्हिनच्या आसपास ठेवावा. रॉमध्ये तो नंतर बदलता येतो, पण जागेवर पडद्यावर रंग ओळखीचे दिसलेले बरे. काळोखात कॅमेऱ्याचा पडदा फार उजळ वाटतो, त्यामुळे चित्र पुरेसे उजळ आहे असा भ्रम होतो. पडद्याचा उजळपणा कमी करावा आणि निर्णय हिस्टोग्रॅमवर, म्हणजे चित्रातल्या उजेडाची वाटणी दाखवणाऱ्या आलेखावर, घ्यावा. त्यातला उंचवटा डाव्या कडेला चिकटलेला नसावा, कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा.

ट्रायपॉड महागच हवा असे नाही, पण तो शक्य तितका बुटका उभा करावा. मधला दांडा वर काढू नये आणि जाड पाय पुरेसे ठरत असतील तर खालचे बारीक पाय उघडू नयेत. दांड्याच्या आकड्याला पिशवी टांगण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो; घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात ती पिशवीच झुलते आणि कॅमेरा हलवते, म्हणून ती जमिनीला टेकेल अशी बांधावी किंवा बांधूच नये. लेन्समधली कंपनरोधक सोय ट्रायपॉडवर बंद ठेवावी. बटण दाबताना बसणारा हिसका टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर पुरेसा आहे.

आपल्या हवामानाचा एक प्रश्न थंड देशांतल्या मार्गदर्शनात सहसा येत नाही. एप्रिल-मेच्या रात्री सेन्सर तापलेला असतो आणि चित्रभर लाल, निळे, हिरवे ठिपके उमटतात. कॅमेऱ्यातली लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनची सोय यावर उपाय करते, परंतु प्रत्येक चित्रानंतर ती तेवढाच वेळ शटर बंद ठेवून दुसरे, काळे चित्र घेते. म्हणजे निम्मी रात्र त्यातच जाते. त्याऐवजी ती सोय बंद ठेवावी, आकाशाची दहा सेकंदांची सोळा चित्रे लागोपाठ घ्यावीत आणि मग लेन्सला टोपी लावून त्याच सेटिंगवर आठ-दहा काळी चित्रे घ्यावीत. सिक्वेटर हा विनामूल्य प्रोग्राम विंडोजच्या संगणकावर ही चित्रे एकत्र करतो: तारे एकमेकांवर जुळवतो, जमीन स्थिर ठेवतो आणि काळ्या चित्रांवरून ठिपके वजा करतो. सोळा चित्रांच्या सरासरीत खरखर, म्हणजे चित्रातला दाणेदारपणा, एक चतुर्थांश उरते. साध्या किट लेन्सवर याहून मोठी सुधारणा पैसे खर्च करूनही सहजी मिळत नाही.

ऑक्टोबरात आणि हिवाळ्यात, विशेषतः धरणांच्या काठी, लेन्सच्या काचेवर दव धरते, आणि ते हळूहळू धरत असल्यामुळे लक्षात येत नाही. तारे मऊसर, धुरकट दिसू लागले की आधी काच तपासावी. पॉवर बँकेवर चालणारी गरम पट्टी लेन्सभोवती गुंडाळणे हा उत्तम उपाय. काच फडक्याने पुसत राहिल्यास फोकसची कडी हलते.

संगणकावर रंग देताना संयम ठेवावा. सध्या आकाशगंगा जांभळी करण्याची जी टूम निघाली आहे ती मला पटत नाही. केंद्राकडचा भाग मुळात जुन्या ताऱ्यांमुळे पिवळसर आणि धुळीच्या पट्ट्यांमुळे तपकिरी आहे, आणि तसाच तो अधिक सुंदर दिसतो.

कोथरूडची गच्ची अगदीच निरुपयोगी आहे असे समजू नये. फक्त तिच्याकडून आकाशगंगा मागू नये. चंद्र तिथून उत्तम टिपता येतो. तो सूर्यप्रकाशात उजळलेला असल्यामुळे पौर्णिमेच्या सुमारास आयएसओ १००, एफ ८ आणि सेकंदाचा दोनशेवा भाग एवढे पुरते, आणि त्याला अंधारातली वस्तू समजून दीर्घ वेळ दिला की पांढरा गोळा मिळतो. चंद्रकोर आणि शुक्र जवळ आलेले असतील तेव्हा तिन्हीसांजेला, आकाशात निळेपणा शिल्लक असताना, शहराच्या इमारतींसह त्यांचे चित्र घ्यावे. ताऱ्यांच्या रेषाही गच्चीवरून निघतात, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. एकच चित्र तासभर उघडे ठेवले तर आकाश पांढरे होईल. पण आयएसओ ४०० आणि एफ ५.६ वर वीस-वीस सेकंदांची चित्रे एका सेकंदाच्या अंतराने तासभर घेऊन ती स्टारस्टॅक्ससारख्या प्रोग्राममध्ये जोडली, तर प्रत्येक बिंदूला त्या सर्व चित्रांतली सर्वांत उजळ नोंद तेवढी ठेवली जाते. आकाशाचा उजेड प्रत्येक चित्रात सारखाच असल्याने तो साचत नाही. तारे मात्र जागा बदलत गेल्याने त्यांची रेघ उमटते. तासाभरात पंधरा अंशांची कमान मिळते. ध्रुवतारा पुण्यातून क्षितिजापासून केवळ साडेअठरा अंश वर असतो, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींपेक्षा किंचित खाली; समोरच्या इमारतीने तो झाकला नसेल तरच उत्तरेकडे तोंड करावे, नाहीतर पूर्वेच्या तिरक्या रेषा घ्याव्यात. फोकसचा सरावही गच्चीवरच करावा, अंधाऱ्या जागेची मोजकी रात्र त्यात घालवू नये.

आता खरेदी. एवढे सगळे एकदा करून झाल्यावरही पैसे खर्च करायचेच असतील तर पहिली वस्तू म्हणून इंटरव्हॅलोमीटर, म्हणजे लागोपाठ चित्रे घेणारे साधे तारेचे रिमोट घ्यावे, आणि सोबत जादा बॅटरी. त्यानंतर ५० मिलिमीटर, एफ १.८ ची लेन्स. तिने आकाशगंगेचा विस्तार चौकटीत येणार नाही आणि शटरला चारच सेकंद मिळतील, पण आपल्या किट लेन्सच्या मानाने ती जवळजवळ चौपट प्रकाश आत घेते, आणि हिवाळ्यात मृगातला तेजोमेघ, कृत्तिका, रोहिणी ही सगळी तिच्या आवाक्यात येतात, एफ २.८ पर्यंत मिटवल्यास कडेचे तारेही नीट राहतात. रुंद एफ २.८ लेन्स, म्हणजे एपीएस-सीसाठी ११ ते १६ मिलिमीटरच्या आसपासची, तिसऱ्या क्रमांकावर. ती आधी एखाद्या शनिवार-रविवारसाठी भाड्याने आणून पाहावी. ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर सर्वांत शेवटी. त्याचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो आणि त्यासाठी ध्रुवतारा दिसावा लागतो, तो तर इथून एवढा खाली की वेल्ह्याच्या खोऱ्यात उत्तरेच्या डोंगराआड सहज जातो. तेव्हा ट्रॅकर घेण्याच्या आधी आपली नेहमीची जागा उत्तरेला कितपत उघडी आहे, हे तिथे जाऊन पाहून यावे.